माहेरी धाडलेली भाषा

२० ऑक्टोबर २०१० रोजी कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनो इथे ॲपलच्या मुख्यालयात 'बॅक टू द मॅक' नावाचा कार्यक्रम झाला. आयफोन आणि आयपॅडच्या नादात कंपनीला आपल्या मूळच्या मॅक संगणकाचा विसर पडलाय, अशी कुरकुर तेव्हा बरीच चालली होती. तिला उत्तर द्यायला स्टीव्ह जॉब्ज स्वतः मंचावर आले. त्यांनी सडपातळ मॅकबुक एअर दाखवला, पुढच्या वर्षी येणाऱ्या 'लायन' या प्रणालीची झलक दाखवली, मॅकसाठीही ॲप स्टोअर निघणार असल्याचं सांगितलं. टाळ्या पडल्या.

त्याच दिवशी ॲपलने आणखी एक गोष्ट जाहीर केली, पण ती मंचावरून नाही. मॅकसाठी जावाचं एक नेहमीचं अपडेट निघालं. अशा अपडेटसोबत रिलीज नोट्स असतात: काय दुरुस्त केलं, काय बदललं. त्या सहसा कोणी वाचत नाही. या वेळच्या नोट्समध्ये मात्र एक छोटा परिच्छेद होता. ॲपलने स्वतः तयार केलेली आणि मॅकबरोबर येणारी जावा आता 'डेप्रिकेटेड' (म्हणजे निवृत्तीच्या यादीत) झाली आहे, पुढच्या आवृत्त्यांमध्ये ती असेलच असं गृहीत धरू नका, सध्याच्या दोन प्रणालींवर ती त्यांच्या नेहमीच्या मुदतीपर्यंत सांभाळली जाईल. संपलं. नव्या ॲप स्टोअरच्या नियमावलीतही एक ओळ होती: डेप्रिकेटेड तंत्रज्ञान वापरणारी ॲप्स नाकारली जातील, आणि कंसातल्या उदाहरणांत जावाचं नाव.

दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचणाऱ्याला अर्थ कळायला वेळ लागला नाही. जावात लिहिलेल्या सॉफ्टवेअरला मॅकच्या दुकानात जागा नाही, आणि पुढेमागे घरातही नसेल.

यात एवढं चिडण्यासारखं काय होतं, ते समजायला जावा चालते कशी हे थोडं पाहावं लागेल. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेम्स गॉस्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घडवली आणि मे १९९५ मध्ये ती जगापुढे आली. तिचं ब्रीद होतं 'एकदा लिहा, कुठेही चालवा'. एरवी विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्रॅम मॅकवर चालत नाही, मॅकचा लिनक्सवर चालत नाही. जावाने मधली वाट काढली. प्रोग्रॅमचं रूपांतर कुठल्याही एका चिपच्या भाषेत न करता 'बायटकोड' नावाच्या मधल्या भाषेत करायचं, आणि प्रत्येक संगणकावर तो बायटकोड वाचून चालवणारं एक यंत्र बसवायचं. हे यंत्रही सॉफ्टवेअरचंच. त्याला जावा व्हर्च्युअल मशीन, बोलीभाषेत जेव्हीएम म्हणतात.

म्हणजे प्रोग्रॅम एकदाच लिहायचा हे खरं. पण जेव्हीएम प्रत्येक प्रणालीसाठी वेगळी बनवावी लागते, आणि ती कोणीतरी पगारावर बसून बनवत असतं. ब्रीदवाक्यात त्या माणसाचा उल्लेख नाही. या लेखाचा सगळा विषय तो माणूस आहे.

त्याचं काम जवळून पाहण्यासारखं आहे. विंडोजवर प्रोग्रॅमचा मेनू त्या त्या खिडकीच्या कपाळावर असतो. मॅकवर तो पडद्याच्या अगदी वरच्या पट्टीत असतो, खिडकी कुठेही असो. जावाच्या प्रोग्रॅमला यातलं काहीच माहीत नसतं. तो नुसतं म्हणतो, 'मला मेनू हवा.' मग मॅकवर उघडल्यावर त्याचा मेनू खिडकीत अडकून बसतो आणि मॅकची सवय असलेल्या माणसाला तो प्रोग्रॅम लगेच परका वाटतो. ॲपलच्या इंजिनिअरांनी अशी सोय केली होती की प्रोग्रॅम सुरू करताना एक ओळ लिहिली की तोच मेनू वरच्या पट्टीत जाऊन बसे. कॉपी करायला विंडोजवर कंट्रोल, मॅकवर कमांड. होकाराचं बटण डावीकडे की उजवीकडे, फॉन्टच्या कडा किती मऊ, फाइल निवडायची चौकट कशी दिसावी, छपाईची चौकट कुठली, अशा शेकडो बारीकसारीक गोष्टी. त्या नीट झाल्या तर कोणाच्या लक्षातही येत नाहीत.

काही गोष्टी तर ॲपलने सनच्या आधी केल्या. जावाचा प्रोग्रॅम सुरू व्हायला वेळ लागतो, मेमरीही बरीच खातो, ही पहिल्यापासूनची तक्रार. चार जावा प्रोग्रॅम एकदम उघडले तर चौघेही तीच मूळ सामग्री आपापली वेगळी भरून घेत. ॲपलच्या चमूने ती एकदाच भरून सगळ्यांनी वाटून घ्यायची युक्ती मॅकवर आणली, आणि पुढे जावा ५ मध्ये सननेही तशी सोय सगळ्यांसाठी केली. मॅकवरची जावा ही तेव्हा सावत्र लेक नव्हती, हे यावरून दिसतं.

ॲपलला जावाचा एवढा उमाळा का आला होता? गरज होती म्हणून. १९९७ मध्ये कंपनी जवळपास बुडाली होती. ऑगस्टमध्ये बॉस्टनच्या मॅकवर्ल्डमध्ये जॉब्ज यांनी मायक्रोसॉफ्टकडून १५ कोटी डॉलर घेतल्याचं जाहीर केलं तेव्हा सभागृहात हुर्यो उडाली होती. त्याच करारात जावाच्या बाबतीत दोघांनी मिळून काम करण्याचंही कलम होतं. मॅकसाठी कोणी वेगळं सॉफ्टवेअर लिहायला तयार नव्हतं, कारण मॅक विकत घेणारेच थोडे. अशा वेळी जी भाषा 'कुठेही चालते', ती आपल्याकडे उत्तम चालवून दाखवली तर दुसऱ्यांसाठी लिहिलेलं सॉफ्टवेअर आपल्याला आयतं मिळतं. साधा हिशेब. जून २००० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जावावन परिषदेत जॉब्ज सनचे प्रमुख स्कॉट मॅकनीली यांच्याबरोबर मंचावर आले आणि मॅकला जावासाठी जगातलं सर्वोत्तम घर बनवण्याचा शब्द देऊन गेले.

शब्द पाळलाही. २४ मार्च २००१ ला मॅक ओएस एक्स बाजारात आली तेव्हा जावा तिच्यात बसवलेलीच होती. वेगळं काही उतरवून घ्यायला नको. मॅकच्या खास 'कोको' या सामग्रीवर थेट जावातून प्रोग्रॅम लिहिता यावेत म्हणून ॲपलने पूल बांधला. जॉब्ज यांच्या आधीच्या नेक्स्ट कंपनीकडून आलेलं 'वेबऑब्जेक्ट्स' हे वेबसाइट उभारायचं साधन त्याच वर्षी पूर्णपणे जावात नव्याने लिहिलं गेलं, आणि पुढे आयट्यून्सचं गाण्यांचं दुकान त्यावरच उभं राहिलं. ज्या भाषेला पुढे गळ्यातलं लोढणं म्हटलं गेलं, तिच्या जिवावर गाणी विकली जात होती! पण हे गिऱ्हाइकाला दिसत नसे.

या काळात प्रोग्रॅमरांचा एक मोठा वर्ग मॅककडे वळला. ऑफिसच्या सर्व्हरवर लिनक्स किंवा सोलारिस, त्यावर जावा. आणि हातात मॅकचा लॅपटॉप, त्यावरही जावा. इक्लिप्स, नेटबीन्स, इंटेलिजे ही लिहिण्याची साधनंही जावातच बनलेली. लॅपटॉपवर लिहायचं, तपासायचं, सर्व्हरवर चढवायचं. तांत्रिक परिषदांमध्ये उजळलेल्या सफरचंदांच्या रांगा दिसायला लागल्या, त्याचं बरंचसं श्रेय या सोयीला आहे. ॲपलने ते कधी दिलेलं माझ्या तरी वाचनात नाही.

प्रेम आटलं ते २००५ च्या सुमारास. कोकोमध्ये यापुढे येणाऱ्या नव्या गोष्टी जावाच्या पुलावरून मिळणार नाहीत, असं ॲपलने सांगून टाकलं. पूल पाडला नाही, डागडुजी थांबवली. त्या पुलावरून जाणारे तसे थोडेच होते, त्यामुळे फार आरडाओरडा झाला नाही.

खरी ठिणगी पडली ती जावा ६ वरून. सनने विंडोज, लिनक्स आणि सोलारिससाठी जावा ६ डिसेंबर २००६ मध्ये आणली. मॅकवाल्यांना वाटलं, ऑक्टोबर २००७ मध्ये 'लेपर्ड' ही नवी प्रणाली येईल तेव्हा तिच्यात ती असेलच. लेपर्ड आली, तीनशे नव्या सोयींची जाहिरात करत आली. जावा ६ नव्हती. कधी येणार, येणार की नाही, याबद्दल ॲपल चकार शब्द काढेना. हे मौन कंपनीच्या रक्तातच आहे. पण ज्याला पुढच्या महिन्यात गिऱ्हाइकाला माल द्यायचाय, त्याने मौनातून काय समजायचं?

तेव्हा लँडन फुलर या इंजिनिअरने सनचा उपलब्ध सोर्सकोड घेतला आणि जावा ६ मॅकवर चालवून दाखवली. या पोर्टला, म्हणजे मॅकवर बसवलेल्या रूपाला, नाव दिलं 'सॉयलाटे'. खिडक्या मॅकसारख्या दिसत नव्हत्या, पण यंत्र चालत होतं. एवढी मोठी कंपनी जे वर्षभर करू शकली नाही ते काही आठवड्यांत होऊ शकतं, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. त्या कामाचा धागा पुढे ओपनजेडीके या जावाच्या मुक्त प्रकल्पात गेला. ॲपलची अधिकृत जावा ६ आली ती एप्रिल २००८ च्या अखेरीस, आणि तीही फक्त ६४-बिट इंटेल चिपच्या मॅकसाठी. जुन्या पॉवरपीसी चिपचे मॅक तर वगळलेच, २००६ मध्ये घेतलेले पहिले इंटेल मॅकसुद्धा बाहेर राहिले.

दरम्यान जानेवारी २००७ मध्ये आयफोन जाहीर झाला होता. त्यात जावा असणार का, असं न्यूयॉर्क टाइम्सच्या वार्ताहराने विचारल्यावर जॉब्ज यांनी उडवून लावलं: जावा आता वापरतं कोण, ते एक जड लोढणं आहे. गरज सरो, वैद्य मरो! सात वर्षांपूर्वीचा मंच त्यांच्या लक्षात नसेल असं मी मानत नाही; तो माणूस असलं काही विसरणारा नव्हता. परिस्थिती फिरली होती. आता सॉफ्टवेअर लिहिणारेच ॲपलच्या दारात रांग लावत होते. दुसऱ्यांसाठी लिहिलेला माल आयता मिळवायची गरज राहिली नव्हती. उलट आपल्याकडचा माल दुसरीकडे सहज जाऊ नये, यात फायदा होता. एप्रिल २०१० मध्ये ॲपलने नियम काढला की आयफोनची ॲप्स मुळातच ऑब्जेक्टिव्ह-सी, सी, सी++ अशा मोजक्या भाषांत लिहिलेली असली पाहिजेत. त्याच महिन्यात जॉब्ज यांनी ब्राउझरमध्ये व्हिडिओ आणि ॲनिमेशन चालवणाऱ्या 'फ्लॅश'विरुद्धचं जाहीर पत्र लिहिलं. सगळीकडे चालणाऱ्या मधल्या थरांवर विसंबलं की प्लॅटफॉर्मच्या नव्या सोयी उशिरा मिळतात, हा त्यातला मुद्दा होता. नियम सप्टेंबरमध्ये सैल केला, पण विचार तोच राहिला.

म्हणून ऑक्टोबरचा तो परिच्छेद आकाशातून पडलेला नव्हता. तरीही कळवायची पद्धत खटकली. एका सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रमुखाने थेट जॉब्ज यांना ईमेल करून विचारलं, आणि त्यांचं उत्तर आलं. सारांश असा: बाकी सगळ्या प्लॅटफॉर्मना सन, म्हणजे आताची ओरॅकल, जावा पुरवते. त्यांचं वेळापत्रक आमच्यापेक्षा वेगळं असतं, म्हणून आमची जावा नेहमी एक आवृत्ती मागे राहते. हा मार्ग कदाचित बरोबर नसावा.

यावर गॉस्लिंग यांनी जाहीरपणे हरकत घेतली. ओरॅकलने सन विकत घेतल्यावर काही महिन्यांतच त्यांनी नोकरी सोडली होती, त्यामुळे कोणाची भीडभाड नव्हती. ते म्हणाले, सगळ्यांना सनच पुरवते हे खरं नाही. आयबीएम आपल्या यंत्रांसाठी स्वतः करते, एचपी स्वतः करते. शिवाय ॲपलची जावा मॅकशी इतकी एकजीव झाली, कारण तिच्यात ॲपलने स्वतःपुरते राखून ठेवलेले गुप्त एपीआय, म्हणजे प्रणालीच्या आतले दरवाजे, वापरले होते. आता बाहेरच्याने तसंच काम करायचं तर ते उघडावे लागतील.

कळीचा मुद्दा हाच होता. सून माहेरी धाडताना निदान तिचं सामान तरी बरोबर द्यावं लागतं. इथे तर माहेरच विकलं गेलं होतं. ७.४ अब्ज डॉलरचा तो सौदा जानेवारी २०१० मध्ये पुरा झाला होता. ओरॅकल ही डेटाबेस विकणारी, वकिलांच्या फौजा बाळगणारी कंपनी. त्याच ऑगस्टमध्ये तिने अँड्रॉइडमधल्या जावावरून गुगलवर दावा ठोकला होता. ती मॅकच्या मेनूपट्टीसाठी पदरमोड करील, असं कोणाला वाटेल? त्यातच ५ नोव्हेंबरला ॲपलने एक्ससर्व्ह हे आपलं सर्व्हर यंत्रही बंद करत असल्याचं जाहीर केलं. मॅकवर जावा चालवणाऱ्या कचेऱ्यांना दोन आठवड्यांत दुसरा धक्का.

पण १२ नोव्हेंबरला दोन्ही कंपन्यांनी मिळून पत्रक काढलं. ॲपल आपली जेव्हीएम, क्लास लायब्ररी, नेटवर्किंगचा भाग आणि खिडक्या-मेनूंच्या कामाचा पाया ओपनजेडीकेला देणार. तेव्हाची प्रणाली स्नो लेपर्ड आणि येऊ घातलेली लायन यांच्यासाठी जावा ६ ॲपल सांभाळणार. जावा ७ पासून पुढे ओरॅकल. म्हणजे सामान बरोबर दिलं. हेच पत्रक तीन आठवडे आधी, त्या परिच्छेदासोबत काढलं असतं तर एवढा घोळ झाला नसता. आधी अर्धवट कागद टाकायचा, लोकांना हवालदिल करायचं आणि मग तडजोड सांगायची, ही मोठ्या कंपन्यांची खोड आहे.

जुलै २०११ मध्ये लायन आली, जावाविना. एखाद्या प्रोग्रॅमला लागली तर प्रणाली विचारे, उतरवून घेऊ का? आणि उतरे ती ॲपलचीच जावा ६. हा मधला काळ सगळ्यात धोक्याचा ठरला.

१४ फेब्रुवारी २०१२ ला ओरॅकलने जावातली एक गंभीर पळवाट बुजवणारं अपडेट काढलं. विंडोज, लिनक्सवाल्यांनी ते बसवून घेतलं. मॅकवरची जावा ॲपलच्या ताब्यात, त्यामुळे ॲपलने तेच भोक आपल्याकडे बुजवेपर्यंत मॅक उघडे. ॲपलचं अपडेट आलं ३ एप्रिलला. मधल्या सात आठवड्यांत 'फ्लॅशबॅक' नावाच्या ट्रोजनने ते भोक गाठलं. हा आधी फ्लॅश प्लेअरचा खोटा इन्स्टॉलर बनून येई, म्हणून ते नाव. आता त्याला माणसाच्या संमतीचीही गरज उरली नाही. बाधित वेबसाइट नुसती उघडली की तिच्यातलं ॲप्लेट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा छोटा जावा प्रोग्रॅम, जावामार्फत आत शिरे. डॉक्टर वेब या रशियन कंपनीने मोजलं तर सहा लाखांहून जास्त मॅक बाधित निघाले, त्यांतले २७४ खुद्द क्युपर्टिनोतले. मॅकला व्हायरस लागत नाही, ही लोककथा त्या आठवड्यात संपली.

जॉब्ज यांच्या ईमेलमधलं वाक्य इथे आठवतं. आमची जावा नेहमी मागे राहते, असं ते म्हणाले होते. ते शंभर टक्के खरं ठरलं. तेव्हा ते नुसतं निमित्त वाटलं असेल, पण दुरुस्ती एकाकडे आणि वाटप दुसऱ्याकडे असली की मधल्या फटीत चोर शिरणारच. त्याच एप्रिलमध्ये ओरॅकलची मॅकसाठीची पहिली जावा ७ आली. ऑक्टोबरमध्ये ॲपलने आपल्या अपडेटमधून ब्राउझरमधलं ॲप्लेटचं प्लग-इनच काढून टाकलं. फेब्रुवारी २०१३ मध्ये ॲपलच्या स्वतःच्या काही कर्मचाऱ्यांचे मॅक जावाच्या प्लग-इनमधूनच फोडले गेल्याचं कंपनीने मान्य केलं.

आपल्याकडे या सगळ्याची झळ कशी लागली? नकळत. ई-टेंडर भरताना किंवा कंपनी खात्याच्या पोर्टलवर डिजिटल सही करताना ब्राउझरमध्ये जावा लागे. आयकर विवरणपत्राची ऑफलाइन युटिलिटी एक्सेल आणि जावा अशा दोन रूपांत मिळे. एक्सेलची मॅक्रोवाली फाइल विंडोजसाठी, तेव्हा मॅकवाल्याला जावाचाच आधार. जुलै महिन्यात पुण्या-मुंबईतल्या किती सीएंच्या कचेऱ्यांत 'याच्यावर कुठली जावा टाकायची?' हा फोन गेला असेल! डिझाइन स्टुडिओंची गोष्ट आणखी वेगळी. मॅक नवा केला, जुनं फोटोशॉप सीएस५ त्यावर चढवलं, आयकॉनवर क्लिक केलं की चौकट येई: हे उघडायला जुनी जावा ६ हवी. चित्रं रंगवायच्या सॉफ्टवेअरला जावा कशाला, हे ऑपरेटरला कळत नसे. तो 'अधिक माहिती' दाबे, ॲपलच्या पानावरून जावा ६ उतरवी आणि कामाला लागे. ओरॅकलने जावा ६ च्या सार्वजनिक दुरुस्त्या २०१३ मध्येच थांबवल्या होत्या. ती जुनी प्रत अशा यंत्रांवर पुढे वर्षानुवर्षं राहिली.

मायक्रोसॉफ्टशी ताडून पाहिलं तर ॲपलचं वागणं एवढं वाईट दिसत नाही. मायक्रोसॉफ्टने जावा घेतली, तिच्यात फक्त विंडोजवर चालतील अशा भरी घातल्या, सनने १९९७ मध्ये कोर्टात खेचलं, आणि २००१ मध्ये विंडोज एक्सपी जावाविना आली. भांडण मिटलं ते २००४ मध्ये, सुमारे दोन अब्ज डॉलर मोजून. ॲपलने भाषा बिघडवली नाही आणि जाताना कोड देऊन गेली.

माझं मत विचाराल तर निर्णय योग्य होता, रीत चुकीची होती. पुरावा पुढच्या दहा वर्षांत मिळाला. २०१८ मध्ये ॲपलने ओपनजीएल ही चित्रं काढायची पद्धत डेप्रिकेटेड केली, आणि जावाच्या खिडक्या त्यावरच रंगत होत्या. नोव्हेंबर २०२० मध्ये इंटेल सोडून स्वतःच्या एम१ चिपचे मॅक आले. जुन्या व्यवस्थेत ही दोन्ही कामं ॲपलच्या मर्जीवर राहिली असती. आता एम१ साठीच्या पोर्टचं काम मायक्रोसॉफ्ट आणि अझूलच्या इंजिनिअरांनी केलं, आणि नव्या 'मेटल' पद्धतीवर खिडक्या रंगवायच्या कामात इंटेलिजे बनवणाऱ्या जेटब्रेन्सचा हात होता. सप्टेंबर २०२१ मध्ये जावा १७ निघाली तेव्हा दोन्ही तिच्यात होती, त्याच दिवशी, विंडोज आणि लिनक्सच्या बरोबरीने. ॲपलच्या हाती असताना मॅकवरच्या जावाला असा दिवस क्वचितच दिसला होता. फरक इतकाच की ज्यांचा धंदा जावावर चालतो, त्यांनीच आता पोर्टचा पगार भरला.

आज कोऱ्या मॅकवर टर्मिनल उघडून जावाची कमांड दिली, तर जावा सापडत नाही, अमुक ठिकाणी जा, असा निरोप येतो. अडॉप्टियम, अझूल, ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, ओरॅकल यांपैकी कोणाचीही प्रत घेतली तरी चालते आणि बहुतेकांच्या मोफत आहेत. मात्र तुमच्या किंवा तुमच्या डिझायनरच्या जुन्या मॅकवर अजून ॲपलची जावा ६ पडून असेल, आणि ती मागणारं जुनं सॉफ्टवेअर आता वापरात नसेल, तर या दिवाळीच्या साफसफाईत ती काढून टाका. तिची भोकं बुजवणारं आता कोणी नाही.